पावती, पॉइंट आणि पाचवीचा वर्ग

महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांना 'क्षमता' काही नव्या नाहीत. १९९५ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, तेव्हा आम्ही क्षमतांच्या याद्या पुठ्ठ्यावर लिहून वर्गात टांगल्या होत्या. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, २०१७ मध्ये एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती आल्या, २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२१ मध्ये निपुण भारत. या सगळ्या काळात मी आधी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आणि नंतर गट साधन केंद्रात विषय साधन व्यक्ती म्हणून काम केलं. प्रत्येक वेळी वरून यादी यायची, यादीबरोबर नोंदवही यायची आणि त्या दोन्हींच्या मध्ये जे घडायला हवं ते शिक्षकावर सोडलेलं असायचं. पाचवीच्या मुलाला 'दशांश अपूर्णांकांचा दैनंदिन व्यवहारात उपयोग करता येतो' हे लिहिलं खरं, पण तिथवर त्याला न्यायचं कसं आणि तो तिथे पोचला हे ओळखायचं कसं, यावर आम्ही कधी एकत्र बसून विचार केला नव्हता. तसा वेळच कुणी दिला नव्हता.

डिझाइन थिंकिंगशी माझी ओळख एका कार्यशाळेत झाली. वस्तू घडवणाऱ्या डिझाइनरांची ही कामाची रीत. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याच्याजवळ बसून त्याची अडचण समजून घ्यायची, नेमका प्रश्न मांडायचा, मग उपाय सुचवायचे, स्वस्तातला कच्चा नमुना करायचा आणि तो वापरून बघून सुधारायचा. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलनं ही रीत शिकवायला घेतली. आयडिओ या संस्थेनं न्यूयॉर्कच्या रिव्हरडेल शाळेबरोबर शिक्षकांसाठी एक पुस्तिकाही काढली. आपल्याकडे अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये 'डिझाइन फॉर चेंज' सुरू केलं. त्यात मुलं आपल्या भोवतालचा एखादा प्रश्न निवडतात आणि स्वतः सोडवतात. २०२० च्या धोरणातही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शेजारी डिझाइन थिंकिंगचं नाव आहे, मुलांना शिकवायचा समकालीन विषय म्हणून.

माझं मत थोडं वेगळं झालं आहे. मुलांना तो विषय म्हणून शिकवण्याआधी शिक्षकांनी तो स्वतःच्या कामासाठी वापरावा. आपण ज्याच्यासाठी पाठ तयार करतो त्या मुलाजवळ, काहीही न शिकवता, आपण शेवटचे कधी बसलो होतो? कार्यशाळेत हा प्रश्न विचारला गेला आणि सभागृहात कुणीच हात वर केला नाही.

संगमनेर-अकोले या तालुक्यांच्या पट्ट्यात आमचं काम चालतं. एका केंद्रातल्या काही शिक्षकांनी ही रीत वापरून बघायची तयारी दाखवली आणि आम्ही महिन्याच्या शिक्षण परिषदेतला एक तास मागून घेतला. केंद्रप्रमुखांनी तो दिला, हे मला आवर्जून लिहायचं आहे, कारण तो तास नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. परिषदेत परिपत्रकं वाचायची असतात, माहिती भरून द्यायची असते. त्यातून एक तास काढणं सोपं नसतं.

पहिल्या टप्प्याचा आमचा नियम एकच होता. वर्गातलं एक मूल निवडायचं, त्याच्याबरोबर शाळेबाहेर थोडा वेळ काढायचा आणि त्या वेळात शिकवायचं नाही. चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही. हे फार जड जातं. एका मॅडमनी नंतर सांगितलं की चिंचेच्या झाडाखाली त्या एका मुलीशी बोलत होत्या, तिनं चिंचा मोजल्या, मोजताना एक सुटली आणि मॅडमच्या तोंडून 'पुन्हा मोज' आपोआप गेलं. मुलगी गप्प झाली ती झालीच. वर्षानुवर्षं आपण चूक शोधायला शिकलेलो असतो, त्यामुळे नुसतं बघणं हे वेगळं कौशल्य म्हणून शिकावं लागतं.

एका सरांनी पाचवीतला एक मुलगा निवडला होता. त्याच्या वहीत ३.९ + ०.१ = ३.१० असं लिहिलेलं होतं, आणि ३.१० हे ३.९ पेक्षा मोठं असं चिन्हही होतं. नऊनंतर दहा, म्हणून ३.९ नंतर ३.१०. ही चूक आमच्या तालुक्यात पाचवी-सहावीच्या कुठल्याही वर्गात दिसते. सर म्हणाले, "हा मुलगा सकाळी डेअरीवर असतो. चला, बघू." मीही गेले.

संकलन केंद्रावर सकाळी सातची गर्दी होती. मोटरसायकलींना अडकवलेल्या किटल्या, हातात कॅन घेऊन चालत आलेल्या बाया, वजनकाट्यापुढे रांग. मुलगा चुलत्याबरोबर आला होता. दुधाचा नमुना छोट्या कपात घेऊन यंत्राखाली धरला की समोर आकडे उमटतात: फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक), डिग्री. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो आणि फॅट त्याखाली गेली की पॉइंटागणिक दर कापला जातो. हे तिथल्या प्रत्येकाला पाठ आहे. एक पॉइंट म्हणजे ०.१, पण असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, "आज दोन पॉइंट कमी लागली." मुलानं यंत्राकडे बघितलं आणि पावती हातात यायच्या आधीच चुलत्याला म्हणाला, "नाना, तीन-नऊ लागली. अजून एक पॉइंट चढली असती तर चार झाली असती."

सरांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. नियमाप्रमाणे दोघंही काही बोललो नाही.

दुपारी शाळेत सरांनी त्याला जवळ बसवून विचारलं, "फॅट तीन-नऊवरून एक पॉइंट चढली तर किती?" "चार." मग वही पुढे केली, "आणि हे?" मुलगा बराच वेळ त्या ३.१० कडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, ते डेअरीचं आहे. हे गणित आहे."

मला त्या वाक्यामुळे अनेक वर्षांचं काम नव्यानं दिसलं. त्याला दशांश येत होते. सकाळी सात वाजता, पैशाच्या व्यवहारात, कुणाच्याही मदतीशिवाय येत होते. अध्ययन निष्पत्तीत जे 'दैनंदिन व्यवहारात उपयोग' म्हणून लिहिलंय तेच तो करत होता आणि आमच्या नोंदवहीत मात्र त्या निष्पत्तीपुढे त्याच्यासाठी 'सुधारणा आवश्यक' असं होतं.

हे फक्त आमच्याकडचं नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणारी मुलं तोंडी हिशेब अचूक करतात आणि तीच गणितं कागदावर दिली की अडतात, हे तेरेझिन्या कॅराहर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला, तेव्हा आमच्या गटात त्याची माहिती मोठ्यानं वाचली गेली. बाजारात काम करणारी मुलं अवघड हिशेब मनातल्या मनात करतात, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेलं साधं गणित त्यांना जमत नाही. आणि उलट बाजूही तितकीच गंभीर आहे: फक्त शाळेत शिकणारी मुलं मांडलेली गणितं सोडवतात, पण बाजारातल्या व्यवहारापुढे अडखळतात. म्हणजे वहीतला ज्ञानाचा गठ्ठा आपोआप बाहेर जात नाही आणि बाहेरचा आपोआप वहीत येत नाही. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो.

परिषदेतल्या पुढच्या तासात आम्ही फळ्यावरचा प्रश्न बदलला. आधी लिहिलं होतं, 'मुलांना दशांश अपूर्णांक येत नाहीत.' ते पुसून लिहिलं, 'डेअरीवर जे येतं ते वहीत का उतरत नाही?' पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून जादा तास आणि सराव पत्रिका निघतात. दुसऱ्याला निघत नाहीत. मला विचाराल तर या सगळ्या पद्धतीतलं सर्वांत मोलाचं काम इथेच होतं, आणि नेमका हाच टप्पा शाळा ओलांडून पुढे जातात, कारण वरून येताना प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच परिपत्रकात येतात.

मग उपाय सुचवायला बसलो. तक्ते, व्हिडिओ, बालबाजार. बालबाजार आमच्या सगळ्या शाळांत होतो. मुलं भाजी, भेळ, वडापाव विकतात, पालक कौतुकानं विकत घेतात, फोटो निघतात. मला तो आवडतो, पण वर्षातून एका सकाळी होणाऱ्या गर्दीत कुणाला काय आलं हे कुणालाच कळत नाही. हिशेब बहुतेक वेळा आई करते. गटातल्या सगळ्यात तरुण शिक्षिका म्हणाल्या, "पावत्याच आणू या ना वर्गात. त्या तर रोज येतात."

पहिला नमुना अगदी साधा होता. आठवड्याच्या पावत्या एका कागदावर चिकटवायच्या आणि त्यावरून प्रश्न. दोनच दिवसांत दोन गोष्टी कळल्या. वर्गातल्या काही मुलांच्या घरी जनावरं नव्हती. आईवडील दुसऱ्याच्या शेतात जाणारे होते. ती मुलं पावत्यांच्या दिवशी मागे सरकून बसली. दुसरं म्हणजे पावतीवर घरची कमाई असते, पशुखाद्याची उधारी असते, उचल कापलेली असते. एका मुलाच्या आईनं शाळेत येऊन शांतपणे सांगितलं, "मॅडम, आमचा हिशेब भिंतीला लावू नका." तिचं म्हणणं पूर्ण खरं होतं. नमुना लहान ठेवायचा तो यासाठीच. शाळाभर योजना राबवल्यावर हे कळलं असतं तर ती मागे घेणं जड गेलं असतं. इथे एक कागद बदलायचा होता.

दुसऱ्या नमुन्यात वर्गाचंच संकलन केंद्र झालं. पाणी, मापं, बाटल्या, वर्गानं ठरवलेला दर, वर्गानं छापलेल्या पावत्या. दर लिटरला ३० रुपये, ३.५ च्या खाली प्रत्येक पॉइंटाला ३० पैसे कपात. जनावरं नसलेली मुलं आता काट्यावर बसली, पावती फाडणारी झाली. गणित सुटू लागलं, पण अजून एक गोष्ट हवी होती. ज्याला दशांश कळले, तो ते दुसऱ्या कुणाला तरी वापरता येईल असे करून देऊ शकतो का? मग मुलांना काम दिलं ते असं: गावातल्या एखाद्या आजीला वाचता येत नाही. दूध ती घालते, पावती तिच्या हातात येते, पण कपात का झाली ते तिला दुसऱ्याला विचारावं लागतं. तिला स्वतःला कळेल असं काहीतरी तयार करा.

इथे मुलं जी कामाला लागली ते बघण्यासारखं होतं. त्यांनीही आमच्यासारखंच केलं: आधी आज्यांकडे गेली. एका गटानं पुठ्ठ्याची लांब पट्टी केली. ३.० पासून ४.५ पर्यंत खुणा, प्रत्येक पॉइंटाला एक रेघ, ३.५ वर लाल दोरा बांधलेला. दोऱ्याच्या डावीकडे बोट आलं की कपात. आजीला आकडे वाचता येत नव्हते, पण रेघा मोजता येत होत्या. दुसऱ्या गटानं मण्यांची माळ केली, ती तुटली, त्यांनी पुन्हा ओवली. तिसऱ्या गटाचा तक्ता देखणा होता आणि आजीला त्यातलं काहीही कळलं नाही. तिनं तसं सांगितलं. ती मुलं परत येऊन तक्ता फाडायला निघाली, तेव्हा सरांनी फक्त विचारलं, "तिला नेमकं कुठं अडलं?" तेवढं पुरलं.

डेअरीवाला तो मुलगा पट्टीच्या गटात होता. पट्टीवर ३.९ च्या पुढची रेघ आखताना शेजारच्या मुलीनं ३.१० लिहायला खडू उचलला. त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "तीन-दहा नसतंच. दहा पॉइंट झाले की पुढचा फॅट लागतो." मग दोघांनी वहीतलं जुनं गणित उघडून बघितलं. दशक पूर्ण झाला की पुढच्या घरात जातो, ही स्थानिक किमतीची कल्पना पाठ्यपुस्तकात सुरुवातीपासून असते. दशांश चिन्हाच्या उजवीकडेही तीच चालते हे त्या दोघांनी त्या क्षणी स्वतः जोडलं. त्याच तासात एका मुलीनं साडेसहा लिटरचा हिशेब केला: ३.५ ला १९५ रुपये, ३.४ ला १९३.०५. मग कुणीही न विचारता म्हणाली, "म्हणजे एका पॉइंटाला सकाळचे दोन रुपये. महिन्याला साठ जातात." नेमके ५८.५० होतात, हे तिनं नंतर कागदावर काढलं. अंदाज आधी, हिशेब नंतर. चाचणीच्या चार पर्यायांत हे कसं पकडणार?

तिथून आम्ही मूल्यमापनाकडे आलो. सातत्यपूर्ण मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी हा आमच्या शिक्षकांचा दुखरा भाग आहे. मूळ कल्पना फार चांगली: प्रत्येक मुलाविषयी शिक्षकानं स्वतः बघून लिहावं. प्रत्यक्षात प्रत्येक विषयाच्या नोंदींच्या तयार याद्या फिरतात आणि 'गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो' हेच वाक्य साऱ्या वर्गापुढे उतरतं. शिक्षक आळशी आहेत म्हणून असं होतं, हे मला मान्य नाही. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच इयत्ता, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, आणि त्यात प्रत्येक मुलामागे प्रत्येक विषयाच्या नोंदी. ज्या शिक्षकाच्या हातात ही वही जाणार त्याचा दिवस बघून ती आखलेलीच नाही. म्हणून आम्ही तीच रीत इथेही लावली. या वेळी ज्याला समजून घ्यायचं तो माणूस शिक्षक होता.

गटातल्या शिक्षकांनी एकमेकांच्या शाळेत दिवसभर बसून पाहिलं की लिहायला वेळ नेमका कधी मिळतो. उत्तर मिळालं: जेवणाच्या सुट्टीनंतर मुलं हात धुऊन वर्गात येईपर्यंत. त्या वेळात बसणारी नोंद हवी. पहिला कागद आम्ही रकान्यांचा केला होता, तो कुणी भरला नाही. मग रकाने गेले, पोस्टकार्डाएवढं कार्ड उरलं आणि त्यावर तीन ओळी: मुलानं काय केलं, ते करताना काय बोललं, मदत कुठे लागली. मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत. डेअरीवाल्या त्या मुलाच्या कार्डावर सरांनी लिहिलं होतं, 'तीन-दहा नसतंच, असं शेजारणीला समजावलं. मदत नाही. लिटर आणि मिलिलिटरची सांगड घालताना अडतो.' दिवसाला एक-दोन मुलांची कार्डं होतात, जास्त नाही. पण पालकांसमोर ते कार्ड वाचून दाखवलं की पालक बोलू लागतात. गुणपत्रकावर कुणी बोलत नाही, नुसती सही करतात. 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्रानं आखलेल्या समग्र प्रगतिपत्रकात मुलाचं स्वतःचं, मित्राचं आणि पालकाचं म्हणणं यायला जागा आहे. ती जागा खऱ्या मजकुरानं भरायची तर तिच्या मागे अशी कार्डं असावी लागतील, नाहीतर तिथेही तयार याद्या येतील.

एक गोष्ट मला काळजीची वाटते आणि ती स्पष्ट लिहिते. आमच्या पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. काही दिवसांत दुसऱ्या शाळांच्या भिंतींवर तशाच पट्ट्या दिसू लागल्या, लाल दोऱ्यासकट. जिथे दुधाचा धंदाच नाही तिथेही. आपल्याकडे चांगल्या कामाची यशोगाथा होते आणि यशोगाथेचा उपक्रम होतो. उपक्रमाबरोबर वस्तू पसरते. ती ज्या बसण्यातून, ऐकण्यातून आली ते मागेच राहतं. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावरच्या सरांना पट्टी लावायला सांगितलं गेलं होतं. त्यांनी ती लावली नाही. ते मुलांच्या घरी भात मोजताना जाऊन बसले. तिथे अजून पायली, अधोली, शेर चालतात. अधोली म्हणजे अर्धी पायली, चार शेरांची एक पायली, आणि चौथीतल्या मुलीला न विचारता ठाऊक होतं की अधोलीत एक शेर घातला की पाऊण पायली होते. सरांनी त्या मापांवरून अर्धा, पाव, पाऊण घेतलं. नंतर एक पंचमांशाला मुलं अडली, कारण तसं माप घरात नाही. तेव्हा मुलांनीच बाटली कापून पाच खुणांचं माप केलं. आमच्या पट्टीशी या कामाचं काहीच साम्य नाही, आणि म्हणूनच मला ते आमच्या कामाचं सर्वांत चांगलं अनुकरण वाटतं.

या रीतीनं सगळं सुटतं असं नाही. रिक्त पदं यातून भरत नाहीत. पाचवीच्या मुलाला वाचताच येत नसेल तर पट्टीआधी त्याला वाचायला शिकवावं लागतं, आणि तिथे नेटका, रोजचा सराव लागतो, त्याला पर्याय नाही. पण कोणता सराव, कुणासाठी, हे ठरवायलाही मुलाजवळ बसावंच लागतं.

सध्या आमच्या गटापुढे तिसरीचं वाचन आहे. निपुण भारतचं लक्ष्य आहे की तिसरीअखेर मुलानं अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत. शाळांमध्ये घड्याळ लावून शब्द मोजले जातात, ते होतं. अर्थाकडे मात्र दुर्लक्ष होतं. एक मुलगी सत्तरच्या पुढे वाचते आणि काय वाचलं ते सांगू शकत नाही. एक मुलगा चाळीसवर अडतो, पण मध्येच थांबून विचारतो, "मॅडम, तो कोल्हा खोटं बोलतोय ना?" या दोघांना एकाच रकान्यात कसं बसवायचं, यावर मागच्या परिषदेत वाद झाला आणि तो मिटला नाही. पुढच्या महिन्यापर्यंत प्रत्येक शिक्षकानं एका मुलाचं घरचं वाचन ऐकायचं ठरलं आहे: दुकानाच्या पाट्या, आईच्या मोबाइलवरचे निरोप, बचत गटाचं पासबुक. घड्याळ न लावता, आणि मध्ये न बोलता.